हाहा आणि ओकाऽसान : जपानी घरातील हाकांचा इतिहास

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे केवळ नाव जपानी भाषेत नेऊ म्हटले, तरी अनुवादकाला थबकावे लागेल. ‘श्याम’ हे विशेषनाम आहे, ते तसेच ठेवता येईल. अडचण ‘आई’ या शब्दाची आहे. रोजच्या जपानीत आईसाठी निदान दोन शब्द आहेत, ‘हाहा’ आणि ‘ओकाऽसान’, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आपल्या आईविषयी परक्याशी बोलताना ‘हाहा’ म्हणायचे. आईला हाक मारताना आणि दुसऱ्याच्या आईविषयी बोलताना ‘ओकाऽसान’ म्हणायचे. श्याम आश्रमातल्या मित्रांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो, तेव्हा ती ‘हाहा’ असते. त्याच आठवणीत लहानगा श्याम तिला हाक मारतो, तेव्हा ती ‘ओकाऽसान’ होते. आणि मुखपृष्ठावर? तेथे कोण बोलत आहे यावर सारे अवलंबून. श्याम स्वतः बोलत असेल तर एक शब्द, आपण वाचक श्यामच्या आईविषयी बोलत असू तर दुसरा.

जपानी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला हा भेद पहिल्या काही धड्यांतच सांगितला जातो. वडील ‘चिचि’ आणि ‘ओतोऽसान’, थोरला भाऊ ‘आनि’ आणि ‘ओनीसान’, थोरली बहीण ‘आने’ आणि ‘ओनेऽसान’ अशी जोडशब्दांची यादी तो पाठ करतो, आणि शिष्टाचाराचा एक नियम म्हणून ती बाजूला ठेवतो. (देवनागरीत ऽ हे चिन्ह आम्ही लांबवलेल्या स्वरासाठी वापरीत आहोत. ते अनावश्यक नाही: ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी, आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी.) साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ही यादी तशी बाजूला ठेवता येणार नाही. या शब्दांना इतिहास आहे. त्यात उच्चारांची स्थित्यंतरे आहेत, राज्यसत्तेचा हस्तक्षेप आहे, आणि काही शब्दांचा मृत्यूही आहे.

आत आणि बाहेर

जपानी समाजाविषयी लिहिणारे ‘उचि’ आणि ‘सोतो’, म्हणजे आत आणि बाहेर, या दोन शब्दांनी सुरुवात करतात. आपले घर, आपली कचेरी, आपला गट हे ‘आत’, उरलेले ‘बाहेर’. बाहेरच्याशी बोलताना आतल्या माणसाचा गौरव करायचा नसतो. वडील कितीही वयोवृद्ध असोत, पाहुण्यापुढे त्यांच्याविषयी नम्रतेची क्रियापदेच वापरायची.

मराठी कानाला हे विपरीत वाटते. ‘माझे वडील आले आहेत’ हे वाक्य आपण घरात बोलतो तसेच वरिष्ठांसमोरही बोलतो. तेथे वडिलांना एकवचनी केले, तर ऐकणारा आपल्यालाच असंस्कृत समजेल. म्हणजे मराठीतला आदर ज्याच्याविषयी बोलायचे त्या व्यक्तीला चिकटलेला आहे. ऐकणारा बदलला म्हणून तो सहसा सुटत नाही. जपानीतला आदर ऐकणाऱ्याकडे पाहून ठरतो. व्याकरणकार पहिल्याला निरपेक्ष आदर आणि दुसऱ्याला सापेक्ष आदर म्हणतात.

जपानी भाषाही नेहमी अशी नव्हती. किंदाइचि क्योसुके (१८८२–१९७१) या भाषापंडिताने दाखवून दिले, की जपानीचा प्रवास निरपेक्ष आदराकडून सापेक्ष आदराकडे झाला आहे. प्राचीन ग्रंथांत देव आणि सम्राट स्वतःविषयीच आदरार्थी रूपे वापरतात, कारण आदर त्यांच्या पदाचा होता. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, हा प्रश्नच नव्हता. आज जो ‘जपानी स्वभाव’ म्हणून सांगितला जातो, तो निदान या बाबतीत तरी काळाच्या ओघात घडत आलेला आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

ओठांचे कोडे

‘हाहा’ हा शब्द आज हसण्यासारखा ऐकू येतो. पूर्वी तसा नव्हता. सम्राट गो-नारा यांच्या नावावर असलेल्या, १५१६ सालच्या कूटप्रश्नांच्या संग्रहात एक कोडे आहे. त्याचा आशय असा, की आईशी दोनदा भेट होते, वडिलांशी मात्र एकदाही होत नाही, तर ते काय? उत्तर आहे: ओठ. पुढच्या काळातील वाचकांना या कोड्याचा अर्थ लागेना. ‘कोजिएन’ या विख्यात शब्दकोशाचे संपादक शिनमुरा इझुरु (१८७६–१९६७) यांनी ते ध्वनिशास्त्राच्या साहाय्याने उलगडले. त्या काळी ‘हाहा’तील ‘ह’ ओठांनी उच्चारला जाई, आपल्या ‘फ’च्या जवळपास. शब्द उच्चारताना ओठ दोनदा जवळ येत. ‘चिचि’ म्हणताना ते एकदाही जवळ येत नाहीत. आई म्हणताना ओठ मिळतात, वडील म्हणताना मिळत नाहीत: एवढ्या साध्या गोष्टीवर ते कोडे उभे आहे, आणि त्यातच पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार जपून राहिला आहे.

याच उच्चाराचा एक पुरावा गोव्यात छापला गेला. युरोपला गेलेले चार जपानी ख्रिस्ती तरुण परतीच्या वाटेवर १५८७ साली गोव्यास पोहोचले. त्यांच्यापैकी हारा मार्तिनो याने तेथे लॅटिनमध्ये एक भाषण केले आणि १५८८ साली ते गोव्यातच मुद्रित झाले. त्या पुस्तिकेवर त्याचे आडनाव ‘हारा’ असे नसून ‘फारा’ असे आहे. १६०३ साली नागासाकीत जेझुइटांनी छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशातही आजचे ‘ह’कारी शब्द रोमन ‘एफ’नेच लिहिलेले आढळतात. आणखी मागे गेले तर हा ध्वनी मुळात ‘प’ होता असे भाषाशास्त्रज्ञ सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे अतिप्राचीन जपानी बालक ज्या शब्दाने आईला हाक मारीत असेल, तो ‘पापा’सारखा ऐकू येत असणार. या योगायोगाची आठवण पुढे एका प्रसंगी येईल.

भावंडांचे शब्दही असेच उलटेपालटे झाले आहेत. आज जपानीत भावंडांसाठी चार शब्द आहेत आणि ते वयावर बेतलेले आहेत: थोरला भाऊ, थोरली बहीण, धाकटा भाऊ (‘ओतोऽतो’), धाकटी बहीण (‘इमोऽतो’). आठव्या शतकातील ‘मानयोऽशू’ या काव्यसंग्रहाच्या भाषेत व्यवस्था निराळी होती. तेथे भाऊ बहिणीला ‘इमो’ म्हणतो, मग ती थोरली असो वा धाकटी; बहीण भावाला ‘से’ म्हणते. बोलणारा पुरुष की स्त्री, यावर शब्द ठरे. आणि हेच दोन शब्द प्रियकर-प्रेयसी, पती-पत्नी यांनाही लागू होते. त्यामुळे त्या कवितांत ‘इमो’ आली की ती बहीण की प्रिया, हे संदर्भावरून ठरवावे लागते. पुढे वयाचा निकष प्रबळ झाला, आणि ‘इमो’ला ‘हितो’ म्हणजे ‘माणूस’ हा शब्द जोडून झालेल्या ‘इमोऽतो’त प्रेयसी उरली नाही, केवळ धाकटी बहीण उरली.

१९०४ : पाठ्यपुस्तकातील आई

आज जपानच्या कोणत्याही टोकाला गेले तरी ‘ओतोऽसान’ आणि ‘ओकाऽसान’ हे शब्द समजतात. ते इतके घरगुती वाटतात, की अनादी काळापासून चालत आले असावेत असा समज व्हावा. वस्तुस्थिती अशी, की त्यांना सर्वत्र पोहोचवले ते सरकारी पाठ्यपुस्तकाने.

मेइजी काळापूर्वी आई-वडिलांना काय म्हणायचे हे कुळावर आणि प्रांतावर अवलंबून होते. सामुराई घराण्यांत ‘चिचिउए’ आणि ‘हाहाउए’ ही भारदस्त संबोधने होती. क्योतोच्या दरबारी कुलीनांत वडील ‘ओमोऽसामा’ आणि आई ‘ओताऽसामा’ असत. एदोच्या, म्हणजे पुढच्या तोक्योच्या, सामान्य वस्त्यांत ‘ओतोत्त्सान’, ‘ओक्कासान’ असे शब्द ऐकू येत. गरिबाघरचे पोर बापाला नुसते ‘चान’ म्हणे. हाक ऐकली की घर कोणते ते कळत असे.

१९०२ साली पाठ्यपुस्तकांच्या निवडीत प्रकाशकांनी लाच दिल्याचे मोठे प्रकरण उघडकीस आले, आणि त्यानंतर शासनाने प्राथमिक शाळांची पुस्तके स्वतःच तयार करण्याचा निर्णय घेतला. १९०४ च्या एप्रिलपासून ही पुस्तके वापरात आली. त्यांच्या भाषेचे धोरण जाहीर होते: तोक्योच्या मध्यम वर्गात चालणारी भाषा प्रमाण मानायची. पहिले वाचनपुस्तक ‘इ, ए, सु, शि’ या अक्षरांनी सुरू होई, कारण काही प्रांतांतील मुले या उच्चारांची गल्लत करीत आणि ती आधी दुरुस्त करायची होती. उच्चार दुरुस्त करणाऱ्या त्याच पुस्तकाने घरातील हाकही दुरुस्त केली. ‘ओतोऽसान’ आणि ‘ओकाऽसान’ हे शब्द कोणी नव्याने घडवले नव्हते. पण ते देशभर रूढही नव्हते. पाठ्यपुस्तकात आल्यावर एका-दोन पिढ्यांत ते झाले.

यात लाभ झाला हे नाकारता येत नाही. सामुराईच्या मुलाला आणि हमालाच्या मुलाला आईसाठी एकच शब्द मिळाला. हाकेवरून कुळ ओळखण्याची सोय संपत आली. परंतु त्याची किंमतही कोणीतरी मोजली. ओकिनावा बेटे १८७९ साली जपानच्या एका प्रांतात रूपांतरित झाली. तेथे आईला ‘अम्माऽ’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील शाळांत बोलीभाषा बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जाई, आणि दुसरा कोणी बोली बोलताना सापडेपर्यंत त्याने ती वागवायची असे. घरी ज्या शब्दाने आईला हाक मारायची, तो शाळेत उच्चारला तर शिक्षा, अशी ही व्यवस्था होती. प्रमाणभाषेच्या इतिहासात आपण व्याकरणे आणि कोश मोजतो. गळ्यातली पाटीही मोजली पाहिजे. मराठीच्या वर्गात ‘आये’, ‘बा’ हे शब्द ऐकून इतर मुले हसतात तेव्हा तेथे पाटी नसते, एवढाच फरक.

मोरि कुटुंबातील ‘पाप्पा’

प्रमाण शब्द स्थिर होतो न होतो, तोच त्याला नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला. शहरी, सुशिक्षित घरांत ‘पापा’ आणि ‘मामा’ हे पाश्चात्त्य शब्द शिरले. आपल्या लक्षात राहावे असे उदाहरण मोरि ओऽगाइ यांच्या घरचे आहे. ओऽगाइ सैन्यातील वैद्यकीय अधिकारी, जर्मनीत शिकून आलेले, आणि मेइजी साहित्याचे एक अध्वर्यू. त्यांची मुले त्यांना ‘पाप्पा’ म्हणत. कन्या मोरि मारि (१९०३–१९८७) यांनी पुढे वडिलांच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या १९५७ सालच्या पुस्तकाला नाव दिले ‘चिचि नो बोऽशि’, म्हणजे ‘वडिलांची टोपी’. मुखपृष्ठावर ‘चिचि’ आणि घरात ‘पाप्पा’: आरंभी आपण श्यामच्या आईविषयी जो प्रश्न विचारला, त्याचे हे एक जपानी उत्तर आहे. पुस्तकाचे नाव हा अंगणाचा दरवाजा आहे. तेथे लेखिका बाहेरच्यांशी बोलते.

१९३४ साली शिक्षणमंत्री मात्सुदा गेंजी यांनी ‘पापा’, ‘मामा’ म्हणण्याच्या प्रथेवर जाहीर टीका केली. परकीय शब्दांनी जपानी कौटुंबिक नीती ढासळते, असा त्यांचा रोख होता. राष्ट्रवादाचा जोर वाढत चाललेला तो काळ. ज्या शब्दांच्या शुद्धतेसाठी मंत्रिमहोदय झटत होते, ते ‘ओतोऽसान’ आणि ‘ओकाऽसान’ शाळेच्या पुस्तकात येऊन जेमतेम तीस वर्षे झाली होती. आणि ज्या ‘पापा’वर आक्षेप होता, तशाच ध्वनीने प्राचीन जपानी बालके आईला हाक मारीत असावीत. परंपरेच्या नावाने बोलणाऱ्याला परंपरेचे वय क्वचितच ठाऊक असते. ‘पापा’, ‘मामा’ काही गेले नाहीत; आजही अनेक जपानी घरांत ते नांदत आहेत.

सर्वांत धाकट्याच्या डोळ्यांनी

घरातल्या घरात हे शब्द कसे चालतात, याचे सूक्ष्म विवेचन सुझुकि ताकाओ (१९२६–२०२१) यांनी १९७३ सालच्या ‘कोतोबा तो बुन्का’ (‘भाषा आणि संस्कृती’) या पुस्तकात केले. त्यांचे पहिले निरीक्षण असे: वडीलधाऱ्याला नात्याच्या शब्दाने हाक मारायची, धाकट्याला नावाने. थोरल्याला ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ अशा सर्वनामाने संबोधायचे नाही. नात्याचा शब्दच सर्वनामाचे काम करतो. वडील मुलाशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःला ‘ओतोऽसान’ म्हणतात. (‘थांब हं, आई देते’ हे मराठी वाक्य येथे आठवेल.)

दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे. जपानी कुटुंब सर्वांत धाकट्या सदस्याच्या जागी उभे राहून सगळ्यांना हाका मारते. मूल जन्मले की पती पत्नीला ‘ओकाऽसान’ म्हणू लागतो, ती त्याला ‘ओतोऽसान’. दुसरे मूल झाले की पहिल्याला आई-वडीलही ‘ओनीचान’, म्हणजे ‘दादा’, म्हणतात. नातवंड आले की आजी आपल्या पतीला ‘आजोबा’ आणि आपल्याच लेकीला ‘आई’ म्हणून हाक मारू शकते.

मराठी एकत्र कुटुंबाची आठवण येथे अपरिहार्य आहे, पण ती उलट दिशेने. आपल्याकडे चुलते, आत्या ज्या नावाने हाक मारीत, तीच धाकट्यांनी उचलली. त्यामुळे वडील ‘अण्णा’, ‘दादा’, ‘भाऊ’ झाले आणि कित्येक घरांत सख्खी आई ‘वहिनी’ झाली. श्यामच्या घरी वडील ‘भाऊ’च आहेत, जपानी अनुवादकाला तेथे टीप द्यावी लागेल. जपानी घरात मोठी माणसे बालकाचा शब्द घेतात. आपल्या जुन्या घरांत बालक मोठ्यांचा शब्द घेत असे. अर्थात ‘दादाला दे’, ‘ताईला विचार’ असे आपणही म्हणतो. तेव्हा ही दोन टोके नव्हेत, दोन कल आहेत.

दोन्हीकडे एक गोष्ट समान घडते: स्त्रीचे नाव हळूहळू नाहीसे होते. १८९८ च्या नागरी संहितेने जपानी कुटुंबावर कुटुंबप्रमुखाची कायदेशीर सत्ता स्थापिली होती. युद्धोत्तर दुरुस्तीने ती १९४७ साली रद्द ठरली आणि १९४८ च्या प्रारंभापासून नवा कायदा लागू झाला. शब्द मात्र कायद्याबरोबर बदलत नाहीत. परक्याशी बोलताना पतीचा उल्लेख ‘शुजिन’, म्हणजे मालक, धनी. पत्नीचा ‘कानाइ’, म्हणजे घरातली. पतीसाठी आणखी एक बोलीतील शब्द आहे, ‘दान्ना’. तो बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या संस्कृत ‘दान’ या शब्दापासून आला. मठाला दान देणारा यजमान प्रथम आश्रयदाता झाला, मग धनी, आणि शेवटी नवरा. आज अनेक जपानी स्त्रिया ‘शुजिन’ टाळून ‘ओत्तो’ हा साधा शब्द पसंत करतात. परंतु मैत्रिणीच्या पतीविषयी आदराने काय म्हणावे, हा पेच त्यांना पडतोच. कारण रूढ आदरार्थी शब्दांत मालक दडलेला आहे.

लिपीत आणि हाकेत

आता पुन्हा साहित्याकडे येऊ. दाझाइ ओसामु यांची ‘शायोऽ’ ही कादंबरी १९४७ साली प्रसिद्ध झाली. जपानमधील सरदारकीच्या पदव्या नव्या संविधानाने संपुष्टात आल्या तेच हे वर्ष. तिची निवेदिका काझुको ही अशाच एका उतरत्या कुळातली कन्या. ती आईविषयी निवेदन करताना ‘हाहा’ म्हणत नाही. पहिल्या वाक्यापासून ‘ओकाऽसामा’ म्हणते, आणि क्रियापदेही आदराची वापरते. आत-बाहेरचा नियम ती पाळत नाही. वाचक जणू त्या घरातच येऊन बसला आहे, किंवा तिला बाहेर असे काही उरलेलेच नाही. श्रीमंत घराण्यात वाढलेल्या आणि सरदारपुत्रांच्या शाळेत शिकलेल्या शिगा नाओया या ज्येष्ठ कथाकाराने या कादंबरीतील सरदारघरची भाषा अस्सल नाही, असा शेरा मारला होता. तो खरा मानला तरी ‘ओकाऽसामा’ची भावना उणी होत नाही. मराठीत ‘आई’ म्हटले तर हा सारा ताण नाहीसा होतो. ‘आईसाहेब’ म्हटले तर तोक्योच्या घरात एकदम मराठा सरदाराचा वाडा उभा राहतो. आम्हांला स्वतःला ‘आई’ ठेवून क्रियापद आदरार्थी करणे, ‘आई म्हणाल्या’ असे लिहिणे, हाच मार्ग त्यातल्या त्यात बरा वाटतो.

पण तेथेही एक अडचण आहे, आणि ती शिकवण्याजोगी आहे. मराठीत ‘आई म्हणाल्या’ असे ऐकले की आपल्या मनात सून बोलू लागते. लेक म्हणते ‘अगं आई’, सून म्हणते ‘अहो आई’. नाते एकाच शब्दाने झाकायचे आणि फरक संबोधनाच्या अव्ययात ठेवायचा, ही मराठीची रीत. जपानी सूनही सासूला ‘ओकाऽसान’च म्हणते, ऐकताना काही फरक नाही. पण लेखक कागदावर पुष्कळदा त्या शब्दात ‘मानलेली’ या अर्थाचे जास्तीचे चिन्ह घालतो. ते वाचायचे नसते, केवळ दिसते. काका-मामांचेही तसेच. ‘ओजि’ या एका शब्दात आपले काका, मामा आणि आत्याचे व मावशीचे यजमान, सगळे मावतात. तो लिहिताना मात्र हा गृहस्थ आई-वडिलांहून थोरला की धाकटा, त्याप्रमाणे चिन्ह बदलते. जे मराठी कान ऐकतो, ते जपानी डोळा वाचतो.

म्हणून जपानी कथेचा मराठी अनुवाद वर्गात वाचताना ‘आई’ हा शब्द आला, की विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: मुळात येथे कोणता शब्द असेल, आणि हे वाक्य कोणासमोर बोलले जात आहे? उत्तरासाठी जपानी येण्याची गरज नाही. प्रसंग नीट वाचला तर बहुधा ते सापडते. आणि ‘श्यामची आई’च्या जपानी नावाविषयी आम्हांला विचाराल, तर आमचे मत ‘हाहा’च्या बाजूने आहे. ती सारी कहाणी श्याम आपल्या तोंडाने मित्रांना सांगतो आहे. आई तेव्हा या जगात नाही. ‘ओकाऽसान’ ही हाक आतल्या पानांसाठी राखून ठेवावी, जेथे ती अजून ओ देऊ शकते.